पावती फाटली, पण नोंद कुठे आहे?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे बाळकडूबरोबरच पाजतात. बांधाच्या वादात तारखा करता करता तीन पिढ्या म्हाताऱ्या झालेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ते पटतंही. मलाही जमिनीच्या बाबतीत ते बऱ्यापैकी पटतं. पण हाच शहाणपणा आपण गाडीच्या पाचशे रुपयांच्या दंडालाही लावतो, तेव्हा मात्र काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

राधानगरीहून कोल्हापूर म्हणजे साधारण पंचावन्न किलोमीटर. दवाखाना, कॉलेज, बाजार, लग्नाचा बस्ता, काहीही असलं तरी माणूस गाडीला किक मारतो आणि निघतो. हळदी, परितं मागं टाकत शहरात शिरतो, काम उरकतो, रात्री घरी येतो. आणि मग कधीतरी, कधी दोन दिवसांनी तर कधी महिन्याने, मोबाइल टिंग करून वाजतो. तुमच्या एमएच ०९ अमुक अमुक वाहनावर इतक्या रुपयांचं ई-चलन झालं आहे. झालं! घरात चर्चा सुरू होते.

या चर्चेतून तीनच निर्णय निघतात, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. पहिला, "असू दे, कोण येतंय घरापर्यंत वसूल करायला?" दुसरा, "भरून टाक बाबा, कटकट नको." आणि तिसरा, आपला अस्सल गावाकडचा, "थांब, आपल्या ओळखीचा एकजण हाय खात्यात, त्याला फोन लावतो." तिन्हींत एक गोष्ट समान असते. त्या मेसेजमधली लिंक उघडून फोटो कुणी पाहत नाही. आपण नक्की काय केलं, कुठे केलं, कायद्याच्या कोणत्या कलमाखाली केलं आणि आता ती नोंद कुणाच्या दप्तरात आहे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. दुकानदाराने दहा रुपये जास्त लावले तर आपण बिल मागतो, आणि इथे सरकार आपल्याला गुन्हेगार म्हणतंय तरी आपण बिलसुद्धा पाहत नाही. गंमत आहे ना?

आधी 'पावती फाडणं' म्हणजे नक्की काय ते बघू. आपण सगळेच म्हणतो की पोलिसाने दंड केला. काटेकोरपणे पाहिलं तर पोलीस दंड करत नाही. शिक्षा म्हणून दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे आणि त्याच्या कलम २०० मध्ये काही ठरावीक गुन्ह्यांत तडजोड करण्याची सोय आहे. राज्य सरकार रक्कम ठरवून देतं, अधिकृत अधिकारी ती घेतो आणि प्रकरण न्यायालयापर्यंत न जाता मिटतं. म्हणजे रस्त्यावर किंवा मोबाइलवरून आपण जे भरतो ते तडजोड शुल्क असतं. तडजोड हा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. तडजोडीला दोन बाजू लागतात. एक बाजू "मला मान्य नाही" म्हणाली तर तडजोड होत नाही, आणि मग प्रकरण जिथे जायला हवं तिथे, म्हणजे न्यायालयात जातं. हा आपला हक्क आहे. तो वापरायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण तो आहे हे तरी ठाऊक असावं.

सगळ्याच गुन्ह्यांत तडजोड होत नाही, हेही इथेच सांगतो. दारू पिऊन गाडी चालवली तर कलम १८५ लागतं, आणि ते तडजोडीच्या यादीत नाही. तिथे न्यायालयात उभंच राहावं लागतं. पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली तर कलम १९९-अ आहे. त्यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. तेही तडजोडीच्या बाहेर. आपल्याकडे दहावीतलं पोरगं बापाची बुलेट घेऊन डेअरीला दूध घालायला जातं आणि बाप कौतुकाने बघतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

"कटकट नको, भरून टाक" म्हणणाऱ्यांसाठी आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०१९ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून तिच्यातली बरीच कलमं देशात लागू झाली. आपल्या राज्याने वाढीव रकमा लगेच लावल्या नाहीत, त्या डिसेंबर २०२१ मध्ये आल्या. दंड किती वाढले याची चर्चा तेव्हा चावडीपासून चहाच्या गाड्यापर्यंत सगळीकडे झाली. पण त्याच दुरुस्तीत कलम २०० ला एक शेपूट जोडलं गेलं, त्याची चर्चा मी कुठे फारशी ऐकली नाही. त्याचा मथितार्थ असा की, तडजोड करून पैसे भरले तरी पुढच्या वेळी तोच गुन्हा झाल्यावर आधीचा गुन्हा 'झालेला' धरला जाईल. म्हणजे तुम्ही पैसे भरलेत की तुमच्या खात्यावर 'पहिला गुन्हा' पक्का झाला. पुढचा मोजला जाईल तो दुसरा, आणि बऱ्याच कलमांत दुसऱ्या वेळची रक्कम पहिलीपेक्षा मोठी असते. विम्याशिवाय गाडी चालवण्याचं कलम १९६ घ्या. पहिल्या वेळी दोन हजार, पुढच्या वेळी चार हजार. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहेच.

म्हणून न केलेल्या गुन्ह्याचे पैसे निव्वळ कटकट टाळायला भरणं हा स्वस्तातला सौदा नाही. आपण आपल्याच हाताने आपल्या नावापुढे एक नोंद करून घेत असतो.

आमच्या ओळखीचे एक तात्या आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना असाच मेसेज आला. शे-दोनशे किलोमीटर लांबच्या एका शहरात त्यांच्या गाडीने सिग्नल तोडल्याचा. तात्यांचं म्हणणं, "माझी गाडी गेल्या दिवाळीपासनं शेडातनं हालली न्हाई, आन् तिनं एवढ्या लांब जाऊन शिग्नल तोडला व्हय?" पुतण्या म्हणाला, पाचशेसाठी डोकं नका लावू, मी भरतो. तात्यांनी ऐकलं नाही. पोराकडून संकेतस्थळ उघडून घेतलं. फोटोत भलत्याच रंगाची, भलत्याच कंपनीची गाडी होती, आणि नंबरातल्या तीनाचा आठ वाचला गेला होता. त्यांनी आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो काढला, आरसी बुकाचा फोटो जोडला आणि तिथेच तक्रार नोंदवली. काही आठवडे गेले. मग ते चलन त्यांच्या गाडीच्या खात्यावरून निघून गेलं. ना वकील, ना ओळख, ना फोनाफोनी. लागले ते दोन फोटो आणि "मी केलं नाही" म्हणायची तयारी.

आता ती नोंद शोधायची कुठे? मंडळी, हे वाटतं तितकं अवघड नाही. फक्त एका जागी सगळं मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पहिली पायरी म्हणजे चलन कुणी केलं ते ओळखणं. वाहतूक पोलिसांचं चलन वेगळं आणि आरटीओच्या वायुवेग पथकाचं वेगळं. खाती दोन आहेत, त्यामुळे एका ठिकाणी काही दिसलं नाही म्हणजे काहीच नाही असं समजू नये. पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे घातले की गाडीवरची चलनं तारीख, ठिकाण आणि फोटोसह दिसतात. केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावरही ई-चलन शोधता येतं. एक सावधगिरीची सूचना मात्र आहे. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल आली तर ती चुकूनही उघडू नका. ती फाइल मोबाइलमध्ये शिरून बँकेचं खातं धुऊन नेते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' असा संपतो. तसा नसेल तर तो मेसेज सरळ पुसून टाकायचा.

दुसरी पायरी म्हणजे आभासी न्यायालय. ही व्यवस्था २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झाली. आपल्या राज्यात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूरला तिचं उद्घाटन झालं, आणि ते तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते. न भरलेली चलनं तिथे जाऊ शकतात. 'व्हर्च्युअल कोर्ट' या संकेतस्थळावर राज्य आणि खातं निवडायचं, मग मोबाइल नंबर, गाडीचा किंवा चलनाचा नंबर, नाहीतर नाव घालून प्रकरण शोधायचं. तिथे न्यायालयाने लावलेला दंड दिसतो आणि दोन वाटा दिसतात. गुन्हा मान्य करून पैसे भरा, किंवा प्रकरण लढवायचं आहे असं सांगा. लढवायचं म्हटलं की ते प्रकरण ज्या हद्दीत गुन्हा घडल्याचं म्हटलंय तिथल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं.

तिसरी पायरी म्हणजे आपलं साधंसुधं, चार भिंतींचं कोर्ट. राधानगरीत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचं न्यायालय आहे. तालुक्याच्या हद्दीत घडलेल्या वाहतुकीच्या गुन्ह्याचा खटला झाला तर तो इथे येणार. अशी प्रकरणं बहुतेक समरी केस म्हणून चालतात आणि कागदावर एससीसी असं लिहिलेलं असतं. 'ई-कोर्ट्स' संकेतस्थळावर किंवा त्याच्या मोबाइल अॅपवर कोल्हापूर जिल्हा, मग न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरणाच्या क्रमांकाने शोधता येतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की पुढची तारीख, कोणत्या कोर्टापुढे आहे, निकाल काय झाला, सगळं घरबसल्या दिसतं. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. मोबाइल बदलतात, वही राहते.

आणि संगणकावर नाहीच सापडलं तर? तर सरळ कोर्टात जा. बाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो. आत लिपिक असतात, त्यांना नाव आणि साधारण तारीख सांगून विचारता येतं. निकालाची सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर नकलेचा अर्ज करायचा, लागेल ती फी भरायची, प्रत मिळते. दंड भरून प्रकरण संपलं असेल तर ती प्रत आणि पैशाची पावती दोन्ही गाडीच्या कागदांत ठेवा. चार वर्षांनी गाडी विकताना कुणी म्हणालं की यावर दंड बाकी दिसतोय, तर तुमच्या तोंडी बोलण्यापेक्षा तो कागद जास्त मोठ्याने बोलेल.

न्यायालयात काय होतं याची आपल्याला उगाच धास्ती असते. सिनेमातल्यासारखं तिथे कुणी टेबलावर हात आपटत नाही. न्यायाधीश आरोप थोडक्यात सांगतात आणि विचारतात, कबूल आहे का? कबूल म्हटलं तर दंड लावतात, तो भरायचा, पावती घ्यायची, घरी यायचं. कबूल नाही म्हटलं तर पुढची तारीख मिळते आणि मग गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर येते, तुमच्यावर नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, वकील सक्तीचा नाही. वकील हवा आणि ऐपत नाही, तर विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. त्याच कायद्याखाली भरणाऱ्या लोकअदालतीतही ही चलनं ठेवली जातात. तिथे हमखास सवलत मिळते अशी एक समजूत फिरत असते, तिच्यावर विसंबून मात्र जाऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, लोकअदालतीत जे मिटतं ते कायमचं मिटतं, त्यावर अपील नाही.

आता फोटो पाहायचा म्हणजे काय पाहायचं? ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. कॅमेऱ्याने केलेल्या चलनाला काय काय जोडलेलं असावं याची त्यात यादीच होती. गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेलं माप (म्हणजे वेग वगैरे), तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेलं कलम, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आणि अधिकाऱ्याची सही. सूचना गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत पाठवावी, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं आणि इथे कॅमेरा आहे अशी पाटी लोकांना दिसेल अशी लावावी, असंही त्यात लिहिलं होतं. कॅमेरे आधी लावायच्या शहरांच्या यादीत आपलं कोल्हापूरही आहे. नियम, मुदती बदलत राहतात, तेव्हा तुमच्या चलनाच्या तारखेला काय लागू होतं ते तपासून घ्यावं. पण प्रश्न कोणते विचारायचे ते या यादीवरून समजतं. नंबर माझाच आहे का? गाडी माझीच आहे का? मी केलं म्हणतात ते फोटोत दिसतंय का? एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात.

आणखी एक बारीक मुद्दा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी अशी मर्यादा कायद्यात आहे. पूर्वी ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१४ मध्ये आहे. हे वाचून "असू दे" गटातले लोक खूश होतील, म्हणून लगेच पुढचं सांगतो. पुरेसं कारण असेल तर न्यायालय झालेला उशीर माफ करू शकतं. शिवाय तुमच्या नकळत प्रकरण आधीच आभासी न्यायालयात गेलेलं असू शकतं. म्हणजे गप्प बसणं हा काही बचाव नाही. मुदतीचा मुद्दा मांडायचा तर तो न्यायालयापुढे मांडावा लागतो. घरात बसून मनातल्या मनात मांडून काही उपयोग नाही.

खेड्यातली सर्वांत मोठी भानगड वेगळीच आहे. आपल्याकडे जुनी गाडी विकायची म्हणजे चहा प्यायचा, पैसे मोजायचे, टीटी फॉर्मवर सही करून द्यायची आणि किल्ली हातात ठेवायची. घेणारा सहा महिने, वर्ष, दोन वर्षं गाडी आपल्या नावावर करत नाही. मध्येच तिसऱ्याला विकतो. चलन येतं ते जुन्या मालकाला. तो म्हणतो, मी तर गाडी कधीच विकली! पण दप्तरात मालक तोच. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. चलनाचं एक वेळ जाऊ द्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितलं की, गाडी पुढे चार हात फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल. म्हणजे पाचशेच्या चलनाकडे डोळेझाक करणाऱ्याला उद्या लाखांच्या भरपाईची नोटीस येऊ शकते. अशा माणसाला आलेलं चलन म्हणजे खरं तर फुकटात मिळालेला इशारा असतो, की बाबा, कागद अजून तुझ्याच नावावर आहे.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, तुम्ही काय लोकांना दंड बुडवायला शिकवताय की काय? मुळीच नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलं नव्हतं. हे सरकारचेच आकडे आहेत. देवगड-निपाणी रस्त्यावर उसाच्या हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागचा दिवा न लावता चालतो, दाजीपूरकडच्या वळणांवर अचानक गवा रस्त्यात येऊन उभा राहतो, आणि आपले वीर ऐंशीच्या वेगाने, डोक्यावर काही नसताना, कानाला मोबाइल लावून निघालेले असतात. अशांची पावती फाटलीच पाहिजे. ज्याने केलंय त्याने भरावं, आणि खाली मान घालून भरावं. "साहेबांना फोन लावतो" वाल्यांवर तर माझा विशेष राग आहे. चिरीमिरी देऊन किंवा ओळख काढून सुटलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे तो दहाव्यांदा सापडला तरी कागदोपत्री पहिल्यांदाच सापडलेला असतो. असा माणूस समोरून येतोय हे आपल्याला कुठून कळणार?

माझं म्हणणं एवढंच की, दंड वसूल होणं आणि न्याय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी शिट्टी वाजवून पोलीस अडवायचा, तेव्हा निदान समोरासमोर दोन शब्द बोलता यायचे. आता आरोप मोबाइलवर येतो, पुरावा संगणकात असतो, न्यायालय आभासी असतं आणि पैसे बोटाच्या टोकाने जातात. या सगळ्यात माणसाचं म्हणणं ऐकून घेण्याची जागा मात्र शोधावी लागते. ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या माल वाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात संप पुकारला होता. त्याच महिन्यात पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, असा आदेशही वरून निघाला. म्हणजे बोललं तर ऐकलं जातं. आणि कोल्हापूरकरांना हे कुणी सांगायला नको. शहरातल्या टोलविरुद्ध एन. डी. पाटलांसारखा म्हातारा माणूस वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरला, लोक त्याच्यामागे उभे राहिले आणि २०१५ च्या अखेरीस तो टोल गेला. टोलचे वीस रुपये आपल्याला बोचले. मग न केलेल्या गुन्ह्याचे पाचशे बोचू नयेत?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. चलनाचा मेसेज आणि नोटीस स्वच्छ मराठीत असावी आणि तिच्यात कलमाबरोबर ते कशाबद्दल आहे हे साध्या शब्दांत लिहावं. "मला मान्य नाही" ही वाट "पैसे भरा" या वाटेइतक्याच मोठ्या अक्षरांत दाखवावी. आणि तिसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्या जिल्ह्यात झालेल्या चलनासाठी माणसाला तिथवर जायला लावू नये. पाचशेच्या दंडासाठी दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवून पुण्या-मुंबईला कोण जाईल? तो निमूटपणे पैसे भरेल, खोटं असलं तरी भरेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० मध्ये खटल्याचं कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्याची मुभा आहेच. मग राधानगरीच्या कोर्टात एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून पुण्याच्या न्यायाधीशांना "साहेब, ही गाडी माझी नाही" एवढं सांगता आलं तर काय बिघडेल? चलन करायला कॅमेरा चालतो, तर बाजू मांडायलाही चालावा.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. त्यासाठी इथले वकील आणि लोक चाळीसहून अधिक वर्षं मागणी करत होते. मुंबईची जवळजवळ चारशे किलोमीटरची फेरी वाचली, म्हणून फटाके वाजले, पेढे वाटले गेले. ते योग्यच झालं. पण उच्च न्यायालयाची पायरी चढायची वेळ हजारात एखाद्यावर येते. वाहतुकीच्या चलनाची वेळ मात्र घरटी येते. बहुतेकांच्या आयुष्यात 'सरकार विरुद्ध मी' असा एकमेव प्रसंग हाच असतो. तो आपण कसा निभावतो, त्यावरून आपली कायद्याशी ओळख ठरते. कॉलेजातल्या पोराने पहिलं चलन आल्यावर बापाला विचारलं आणि बापाने ओळखीच्या माणसाला फोन लावला, तर पोरगं तेवढंच शिकतं. तेच बापाने फोटो उघडून दाखवला, "हा तूच आहेस, हेल्मेट नाही, भर पैसे" असं म्हटलं, किंवा "हा तू नाहीस, चल तक्रार लिहू" असं म्हटलं, तर ते पोरगं वेगळं काहीतरी शिकतं.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाइल टिंग करून वाजला की घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. आधी फोटो बघा. आपण असलो तर त्याच दिवशी भरून टाका आणि पावती जपून ठेवा. आपण नसलो तर तसं लेखी कळवा. आणि त्यापुढे कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच, तर खुशाल चढा. राधानगरीत तरी ती फार उंच नाही.